हिचला ग्रीस लावावं की ड्राय स्प्रे मारावा?

पिकअपमागे ट्रेलर जोडून गॅस स्टेशनमध्ये वळलं, की हिच, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकवायची जोडणी, अशी किंचाळते की शेजारच्या पंपावरची माणसं माना वळवून बघतात. मग दुकानात उभं राहून प्रश्न पडतो: ग्रीस घ्यावं की ड्राय ल्युब्रिकंटचा स्प्रे?

मी दोन्ही वापरलीत. वेट डिस्ट्रिब्युशन हिच ट्रेलरचा भार स्प्रिंग बार नावाच्या पोलादी दांड्यांनी पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देते. तिच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्या लोखंडी गोळ्यावर टेकतो त्यावर, मला ग्रीसच पटतं. ७,००० पौंडांच्या ट्रेलरचे ७०० ते १,००० पौंड त्या एका गोळ्यावर टेकलेले असतात, वर स्प्रिंग बारचा ताण वेगळा. एवढ्या दाबाखाली स्प्रेचा पातळ थर टिकत नाही. मी वापरला तेव्हा एका लांबच्या पावसाळी फेरीनंतर बॉलवर चकचकीत ओरखडे उठले होते. चाकाच्या बेअरिंगसाठी मिळतं ते २ नंबरचं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस पुरतं. पोळीवर तूप फिरवतो तेवढंच लावायचं. बार हिचच्या हेडमध्ये, म्हणजे बॉल बसवलेल्या मुख्य भागात, जिथे बसतात, त्या सॉकेटनाही तेच.

ग्रीसची खोड म्हणजे धूळ. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या कच्च्या रस्त्यावरून आलं की ग्रीस आणि वाळूचा सँडपेपरच होतो. जुनं चिंधीने पुसल्याशिवाय नवं लावायचं नाही. आणि पँट! बॉलला पोटरी घासून डाग पाडून घेतला नाही असा ट्रेलरवाला मला अजून भेटायचाय. जुना टेनिस बॉल चिरून टोपीसारखा बसवला की काम भागतं.

स्प्रे हाताला लागत नाही, धूळही फारशी धरत नाही. कपलर म्हणजे ट्रेलरच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी; तिचा खटका आणि पिना यांना तोच बरा.

पण आधी आपली हिच कोणत्या जातीची ते बघा. अँडरसन कंपनीच्या हिचमध्ये बॉल कपलरबरोबरच फिरतो आणि घर्षण खालच्या शंकूच्या आकाराच्या भागात होतं, म्हणून तिथे बॉलला ग्रीस लावायचंच नाही. काही हिचमध्ये बार एल आकाराच्या ब्रॅकेटवर घासतात आणि त्या घासण्यानेच ट्रेलरचं डोलणं आवरतं. तिथे ग्रीसही नको, स्प्रेही नको.

मी एकदा आवाजाला कंटाळून तिथे भरपूर स्प्रे मारला. हिच एकदम गप्प. पुढच्या फेरीत हायवेवर शेजारून अठराचाकी गेली आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. घरी येऊन ब्रेक क्लीनरने ब्रॅकेट धुऊन काढले. किंचाळणं परत आलं. ते आता मी ऐकून घेतो.