कृष्णधवल छपाई: एप्सनचा एबीडब्ल्यू की क्वाडटोन रिप?

एप्सनच्या के३ शाईच्या प्रिंटरमध्ये काळ्याच्या तीन छटा असतात: गडद, फिकट, अतिफिकट. त्या कुठे किती वापरायच्या, हे ठरवायचे दोन मार्ग.

ड्रायव्हरमधला (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) 'अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट' मोड, म्हणजे एबीडब्ल्यू, फुकट आणि सोपा. न्यूट्रल, कूल, वॉर्म किंवा सेपिया टोन निवडा, गडदपणा ठरवा, प्रिंट द्या. रंगीत शाई अगदी थोडी लागत असल्याने हिरवट-जांभळट झाक क्वचितच येते. अडचण सावल्यांत आहे. 'डार्कर'वर ठेवलं की काळ्या केसांतला, कपड्याच्या घड्यांतला तपशील बुजू लागतो. सेटिंगच्या खिडकीतल्या चित्रावर तर विसंबूच नका. तो तुमचा फोटो नसतोच, नमुन्याचा असतो.

रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोन रिप हे छपाईचं शेअरवेअर (आधी वापरून मग पैसे द्यायचं सॉफ्टवेअर) एप्सनच्या ड्रायव्हरला बाजूला सारून प्रत्येक शाईचा नळ आपल्या हाती देतं. आधी मर्यादा शोधायची: शाई वाढवूनही काळा आणखी गडद होत नाही, तिथे थांबायचं. मग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापून, नीट वाळू देऊन स्पेक्ट्रोफोटोमीटरने (छटा मोजणाऱ्या यंत्राने) मोजायची. ते आकडे रिपला दिले की पायऱ्यांमधली अंतरं समान होतात. कागद बदलला की सगळं पहिल्यापासून!

तरी एकाच मॅट कागदावर कायम छापणाऱ्याने हा खटाटोप जरूर करावा. सावल्यांतला फरक दिसतो. मोजायचं यंत्र नसेल, कागद सतत बदलत असतील, तर एबीडब्ल्यूच बरा. तिथे पट्टी छापा आणि बुजणाऱ्या पायऱ्या फोटोशॉपच्या कर्व्हने (छटा उजळ-गडद करणाऱ्या साधनाने) किंचित उचला.