कुकिंग रेंज : वस्तूला चार तारे, बसवणाऱ्यांना एक

आधी निकाल सांगतो. रेंज चांगली आहे. वर चार बर्नर, खाली गॅसचा ओव्हन, काचेचं झाकण, रुंदी ६० सेंटीमीटर. पैसे पाण्यात गेले असं अजिबात नाही. पण दुकानातून निघून ती आमच्या ओट्याच्या खाचेत नीट पेटेपर्यंत जे झालं ते माहितीपत्रकात छापत नाहीत, म्हणून लिहितोय. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. बेळगावात चार दुकानं फिरलो, बोलणं सगळीकडे एकच होतं.

आमच्या शहापुरातल्या घरात उभी रेंज पहिल्यापासून आहे. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे अधिकाऱ्यांच्या बदल्या कायमच्या, आणि बदली झाली की जड सामान ते इथेच विकून जायचे. आमची जुनी रेंज तशीच एका साहेबांच्या बंगल्यातून आली. तिच्यासाठी ओटा मुद्दाम दोन तुकड्यांत बांधून मध्ये खाच ठेवली. भरपूर चालली. शेवटी थर्मोस्टॅट गेला, कॉक इतके घट्ट झाले की नॉब फिरवायला पक्कड लागायची, आणि सुटे भाग मिळेनासे झाले.

आता बाजारात जाऊन रेंज मागितली की दुकानदार तुम्हाला हॉबकडे, म्हणजे ओट्यातच बसवायच्या शेगडीकडे नेतो. "खाच बुजवून टाका की काका, वर ग्रॅनाईट टाका, हॉब आणि चिमणी एकदमच घ्या." आमच्या हिने हॉबची ती काळी काच बघितली आणि म्हणाली, "ह्याच्यावर भाकरी करताना मी भाकरीकडे बघू का काचेकडे?" शिवाय तिची नानकटाई ओव्हनमधली. विषय संपला. रेंज ऑर्डर देऊन मागवायची ठरली. पैसे आगाऊ, पूर्ण.

मी उद्यमबागेत लेथवर काम करून निवृत्त झालेला माणूस. माप घेतल्याशिवाय मी सुपारीसुद्धा कातरत नाही, असं घरचे म्हणतात. खाच मोजली : पुढे ६०६ मिलीमीटर, मध्ये ६०२, मागे भिंतीशी ५९७. जुन्या घराच्या भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात नसतात, त्यात नवल नाही. जुनी रेंज ५८५ ची होती म्हणून कधी अडली नाही. हे सगळं आकृती काढून कागदावर लिहिलं आणि दुकानदाराच्या हातात दिलं. त्याने पहिला आकडा वाचला आणि म्हणाला, "बसतंय की हो." मी म्हटलं, मागचा आकडा वाचा, आणि बिल करण्याआधी कंपनीचा माणूस पाठवून खाच बघून घ्या. तर म्हणे, कंपनीचा माणूस डिलिव्हरीनंतरच येतो, आधी यायची सिस्टिम नाही. माझा कागद त्याने बिलाला स्टेपल करून मलाच परत दिला.

सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. विकणाऱ्याला मापाशी देणंघेणं नाही, आणि ज्याला माप कळतं तो पैसे भरून झाल्यावर उगवतो.

डिलिव्हरीचं थोडक्यात सांगतो. आमचा बोळ अरुंद, टेम्पो आत येत नाही. 'घरपोच' म्हणजे टेम्पो जिथे थांबेल तिथपर्यंत, हे त्या दिवशी कळलं. नाक्यावरच्या दोघांना पैसे देऊन खोका आत आणला. खाचेत सरकवली तर अपेक्षेप्रमाणे वीतभर बाहेर राहून अडकली. ती तशीच स्वयंपाकघराच्या मध्ये उभी, आणि माझ्या मोबाईलवर मेसेज : आपले इन्स्टॉलेशन यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे. खाली पाच तारे द्यायची लिंक. कंपनीचा माणूस तोवर बेळगावात पोचलासुद्धा नव्हता!

कस्टमर केअरला फोन लावला की आमच्या पिनकोडला कन्नड, हिंदी, इंग्रजी असे पर्याय येतात. मला कन्नडची अडचण नाही, शिफ्टमधलं अर्धं बोलणं कन्नडातच चालायचं. पण कोल्हापूरकडच्या पाहुण्यांनी तिकडून घेऊन इकडे बसवायचा विचार केला असेल तर एक लक्षात ठेवा : सर्व्हिस पत्त्यावर मिळते, बिलावर नाही. आमचा भाग हुबळीच्या सर्व्हिस सेंटरकडे लावलेला आहे. तिथला माणूस बेळगावची तीनचार कामं साठली की येतो.

पहिला आला तो पाच मिनिटं थांबला. खाच बघितली, "ग्रॅनाईट कापून ठेवा, मग फोन करा," म्हणाला आणि व्हिजिटच्या कागदावर सही मागितली. मी सहीच्या वर 'रेंज बसवलेली नाही' असं लिहून सही केली. तुम्हीही असंच करा. पुढे ह्याच ओळीने मला वाचवलं.

ग्रॅनाईट कापायला अनगोळचा एक पोरगा आला. सबंध प्रकरणात मनापासून पैसे द्यावेसे वाटले असा हा एकटा. सांगितलेल्या वेळेला हजर. आधी हिला म्हणाला, "काकू, तिखट-मसाल्याचे डबे बाहेर काढा, फडताळावर ओली चादर टाकतो." गुण्या लावला, पाणसळ ठेवली, माझे आकडे ऐकले आणि म्हणाला, "मागे अडीच सूत, पुढे अर्धा सूत, उतरतं कापायला पाहिजे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; मिलीमीटरमध्ये मांडून बघितलं, बरोबर होतं. पाणी मारत ग्राइंडर चालवला, तरी धूळ उडालीच, पण कापलेली कड घासून गुळगुळीत करूनच उठला. कंपनीने ह्याला नोकरीला घ्यावा.

दुसरा टेक्निशियन आला तो वेगळाच, सोबत एक हेल्पर. रेंज सरकवली, बसली. आता गॅस जोडायचा. आमचा सिलिंडर डाव्या ओट्याखाली आणि रेंजचं कनेक्शन मागे उजवीकडे. ह्या पठ्ठ्याने नळीचे दोन तुकडे मध्ये जोड देऊन क्लिप मारले आणि ती नळी ओव्हनच्या पाठीमागून आडवी नेली. मी म्हटलं, ओव्हन तापला की पाठ तापते, रबर तिथे ठेवून कसं चालेल? "एन आगंगिल्ल री." काही होत नाही म्हणे. वर गळती तपासायला त्याने खिशातून काडेपेटी काढली! मी हात धरला. हिने वाटीत साबणाचं पाणी केलं, ते जोडावर लावलं, तर मधल्या जोडावर बुडबुडे.

तुमच्याकडे कोणी असं करत असेल तर सरळ थांबवा. नारिंगी सुरक्षा नळी घ्यायची, आयएसआय छाप बघून, एकसंध, दीड मीटरपेक्षा लांब नाही, जोड नाही, आणि ५ वर्षांनी बदलायची. अंतर जास्त असेल तर मधल्या टप्प्यात धातूची नळी. हॉटेलांची गॅसलाइन करणाऱ्या एका माणसाकडून मी भिंतीला क्लिपा मारून तांब्याची नळी रेंजच्या बाजूपर्यंत आणली. त्याचा खर्च वेगळा, तो 'फ्री इन्स्टॉलेशन'मध्ये धरत नाहीत. आणि कधी खरोखर वास आला तर १९०६ हा एलपीजी गळतीचा नंबर आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा.

नळी झाली, रेंज पेटली. आणि ज्योत ही एवढी लांब, पिवळी. हिने चहाचं आधण ठेवलं तर पातेल्याचा बुडखा काळाकुट्ट. तोच टेक्निशियन म्हणाला, "नवीन आहे ना सर, दोन दिवसांत निळी होईल." पैसे मागितले. नळी, क्लिप, अडॅप्टर. पावती मागितली तर कोऱ्या चिठ्ठीवर आकडा. मी दिले नाहीत. तो रागावून गेला.

ज्योत काही दोन दिवसांत निळी होत नसते. मी रेंजच्या खोक्यातली पिशवी उघडली. त्यात पितळी जेटचा, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्यांचा एक संच, तसाच सीलबंद. मग वरचे बर्नर उचलून आतले जेट काढले. प्रत्येक जेटवर बारीक आकडा कोरलेला असतो, तो म्हणजे भोकाचा व्यास, मिलीमीटरच्या शंभराव्या भागात. माझ्यासारख्याला हे वाचायला चष्मा लागला, बाकी काही नाही. बसवलेल्यांवर ७२, ९७, ११५. पिशवीतल्यांवर ५०, ६५, ८५. म्हणजे रेंज पाइपच्या गॅसच्या जेटवर आलेली, आणि आमच्याकडे सिलिंडर. बेळगावात काही भागांत पाइपचा गॅस आलाय, आमच्या बोळात अजून नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच घनफळाला दुपटीहून जास्त उष्णता असते, म्हणून त्याला भोक बारीक लागतं. मोठ्या भोकातून तोच गॅस सोडला की हवा पुरत नाही, ज्योत पिवळी होते, काजळी धरते, आणि बंद स्वयंपाकघरात विषारी कार्बन मोनॉक्साईड साचायची भीती. हे रेंजच्या मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलंय. ज्याचं कामच हे, त्याने ती पिशवी उघडली नव्हती.

जेट बदलायला मला दहा मिनिटं लागली नसती, पाने घरात आहेत. पण वॉरंटीच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय की अधिकृत माणसाशिवाय हात लावायचा नाही. म्हणून होते तसे परत बसवले, फोटो काढले आणि १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. सोबत 'रेंज बसवलेली नाही' लिहिलेल्या व्हिजिट कागदाचा फोटो जोडला. कंपनीलाही सांगितलं की जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही आणि मी निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे. दुसऱ्या वाक्याचा जास्त परिणाम झाला असावा. जे सर्व्हिस सेंटर फोन उचलत नव्हतं, तिथून आता मलाच फोन यायला लागले.

मग हुबळीहून एक वयस्कर गृहस्थ आले. आल्या आल्या विचारलं, "सिलिंडर की लाइन?" एवढाच प्रश्न आधीच्या दोघांनी विचारला असता तर! त्यांनी चार जेट बदलले, ओव्हनच्या तळाचा पत्रा काढून तिथलाही बदलला. (हा पाचवा बहुतेक जण विसरतात, आणि मग केकला धुराचा वास का येतो म्हणून बायकांना बोल लावतात.) नंतर एकेक नॉब उपसून कॉकमधला बारीक स्क्रू शेवटपर्यंत आवळला. तो मंद आचेचा स्क्रू. पाइपच्या गॅससाठी तो थोडा सैल असतो, सिलिंडरला पूर्ण बसवायचा, नाहीतर नॉब 'लहान'वर नेला तरी आच मोठीच राहते. शेवटी रेंजच्या पाठीमागची साखळी भिंतीला अडकवली, ओव्हनच्या उघड्या दारावर कोणी भार दिला तर अख्खी रेंज पुढे कलंडू नये म्हणून. ती साखळी आधीच्याने खोक्यातच ठेवली होती. चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. एक तारा दिलाय तो ह्यांच्यामुळे.

आता वस्तूबद्दल. ज्योत निळी, आवाज नाही. मंद आच इतकी बारीक होते की हिने कुंदा केला, दूध आटून दाणेदार होऊन रंग येईपर्यंत पातेलं कुठे धरलं नाही. दुकानातल्या कुंद्याइतका काळपट झाला नाही, पण ते हिच्या धीराचं काम, रेंजचं नाही. मोठ्या बर्नरवर ज्वारीची भाकरी छान फुगते. पीठ सांडलं तरी बर्नरची टोपी निघते, धुता येते. ओव्हन सारखा तापतो, फक्त मागची बाजू थोडी आधी भाजते, नानकटाईचा ट्रे मध्येच फिरवावा लागतो. काचेचं झाकण मात्र बर्नर थंड झाल्याशिवाय पाडू नका, तडकतं. आम्ही ते काढूनच ठेवलंय.

पाचवा तारा कापला तो दोन गोष्टींसाठी. एक, चार बर्नर असले तरी ते जवळजवळ आहेत. पुढे भाकरीचा तवा ठेवला की मागच्यावर फक्त लहान पातेलं मावतं, कुकर नाही. दोन, लोखंडी जाळीचे दांडे लांब लांब. फोडणीचं कढलं त्यात कलंडतं, चहाचं लहान भांडंही डुगडुगतं. ह्याला सोबत एक लहान जाळी द्यायला काय हरकत होती? कंपनीला विचारलं, वेगळी मिळत नाही म्हणाले. मग उद्यमबागेतल्या जुन्या सोबत्याकडून ५ मिलीमीटरच्या सळईची कडी वाकवून घेतली, व्यास १४०, खाली चार खाचा पाडून. मोठ्या जाळीवर घट्ट बसते. कोणी हीच रेंज घेतली असेल तर खाचांची मापं खाली विचारा, देतो.