दिनास एमरिसचा ड्रॅगन नाइट वॉक: गोष्ट फक्कड, आकाशातली जोडाजोडी नको होती

मागच्या ऑगस्टमध्ये मी, बायको आणि नऊ वर्षांचे आमचे चिरंजीव मँचेस्टरहून अडीच तास गाडी हाणत नॉर्थ वेल्समधल्या बेथगेलर्टला गेलो, फक्त जवळच्या दिनास एमरिस टेकडीवरच्या या वॉकसाठी: आधी ड्रॅगनची गोष्ट, मग तारे. माणशी 35 पाउंड, मुलाला हाफ. पिठोरी अमावस्येच्या आसपासची तारीख मुद्दाम धरली, कारण एरिरी म्हणजे आपलं स्नोडोनिया, तिथलं नॅशनल पार्क, 2015 पासून डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेला भाग आहे आणि तिथे जाऊन चंद्रच बघायचा तर घराची गच्ची काय वाईट. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रारी आहेत.

पहिली तक्रार, निघायलाच चाळीस मिनिटं उशीर. पार्किंगमध्ये उभं राहून मिज नावाच्या बारीक माश्यांनी आम्हाला फोडून काढलं. नंतर ओकच्या झाडीतून, धबधब्याच्या कडेने वर, शेवटचा चढ ओल्या दगडांचा, चांगले बूट नसतील तर जाऊच नका.

पण वर पोचल्यावर गाईडबाईंनी जी गोष्ट सांगितली ना, पैसे तिथेच वसूल! वॉर्टिगर्न राजा इथे किल्ला बांधतोय, दिवसा बांधलेलं रात्री गायब, मांत्रिक म्हणतात बाप नसलेल्या पोराचं रक्त शिंपडा, पोरगं आणतात तर ते उलट मांत्रिकांनाच विचारतं की खाली काय आहे सांगा. खणतात तर तळं, तळ्यात दोन जीव, एक लाल एक पांढरा, झुंज लागते, लाल हरत हरत शेवटी जिंकतो. लाल म्हणजे ब्रिटन लोक, वेल्शांचे पूर्वज, पांढरा म्हणजे बाहेरून चालून आलेले सॅक्सन. हे सगळं नवव्या शतकातल्या हिस्टोरिया ब्रिटोनम या लॅटिन ग्रंथात आहे, आणि गंमत म्हणजे तिथे तळ्यातून निघतात ते 'वर्मिस', म्हणजे किडे किंवा साप म्हणा, त्यांना ड्रॅगन ते पोरगं म्हणतं. 1954 ते 56 च्या उत्खननात टेकडीवर खरंच पाण्याचं टाकं सापडलं होतं. बाईंनी ती जागा दाखवली, आता नुसती दलदल आहे, पण अंधारात चिरंजीवांनी माझा हात सोडला नाही. 'अ ध्राइग गोख', म्हणजे वेल्सच्या झेंड्यावरचा लाल ड्रॅगन, यातला शेवटचा ख खाकरल्यासारखा काढायचा हेही त्याला शिकवलं, घरी आल्यापासून दिवसभर खाकरतोय.

आता दुसरा भाग. दहा वाजता दुसरे गाईड आले, दुर्बीण लावली आणि पहिलंच वाक्य, वेल्सचा ड्रॅगन म्हणजे आकाशातला ड्रॅको तारकासमूह, पांढरा ड्रॅगन म्हणजे आकाशगंगा, प्राचीन केल्ट लोकांनी हेच बघून गोष्ट रचली. ऐकायला झकास, पण कुठल्या जुन्या वेल्श ग्रंथात हे आहे असं विचारलं तर हसून पुढचा तारा. अहो ड्रॅको हे जुन्या ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीच्या 48 तारकासमूहांतलं, ग्रीकांचं, सोन्याच्या सफरचंदांची राखण करणाऱ्या लाडॉन ड्रॅगनचं. वेल्श लोकांची आकाशातली स्वतःची नावं आहेतच की, आकाशगंगेला काएर ग्विदियॉन, उत्तर मुकुटाला काएर अरियनरॉद, शर्मिष्ठेला लिस डॉन, आणि तिन्ही त्या रात्री डोक्यावर होती, त्यावर एक वाक्य नाही! आणि ड्रॅगनचा खरा आकाशाशी संबंध जिथे आहे ती जॉफ्री ऑफ मॉनमथ या लेखकाची 1136 च्या सुमाराची गोष्ट यांनी दोन वाक्यांत उरकली. आर्थर राजाचा बाप उथर, त्याला आकाशात प्रचंड तारा दिसतो, त्याच्या किरणाच्या टोकाला ड्रॅगनच्या आकाराचा आगीचा गोळा, जादूगार मर्लिन म्हणतो हा तूच, मग उथर सोन्याचे दोन ड्रॅगन घडवून घेतो आणि पेनड्रॅगन म्हणवला जातो. म्हणजे वर्णन धूमकेतूसारखं, तारकासमूहाचं नाहीच. शिवाय रोमन घोडदळाचं निशाण होतं, काठीवर ड्रॅगनचं तोंड आणि मागे वाऱ्याने फुगणारी कापडी नळी. झेंड्यावरच्या ड्रॅगनचं मूळ शोधायचं तर मी आधी तिकडे बघेन.

दुर्बिणीतून मात्र मजा आली, खोटं का बोला. ड्रॅको म्हणजे आपला कालेय. पुण्यातून तो उत्तरेला खाली, अर्धाअधिक क्षितिजाखाली जाऊन येणारा, इथे 53 अंशांवर तो मावळतच नाही आणि त्या वेळी डोकं जवळजवळ माथ्यावर. त्या डोक्यातला एक अंधूक तारा दुर्बिणीत दोन झाला, अगदी सारखे पांढरे टपोरे, दोन डोळेच! चिरंजीव म्हणाले बाबा तो बघतोय. शेपटीतला थुबान दाखवला, पावणेपाच हजार वर्षांपूर्वीचा ध्रुवतारा, तेही नीट समजावलं. एवढंच सांगितलं असतं तरी पुरे होतं हो.

सकाळी गावात गेलर्ट कुत्र्याची समाधी पाहिली. राजाने बाळ वाचवणाऱ्या कुत्र्यालाच मारलं ती गोष्ट, म्हणजे आपली ब्राह्मण आणि मुंगसाची. समाधी अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या हॉटेलवाल्याने गिऱ्हाईक यावं म्हणून उभारली असं सांगतात. तेव्हा आमच्या गाईडसाहेबांना गावात गुरू मिळाला होता म्हणायचं.

गोष्टीला पाच, ताऱ्यांना अडीच, हॉट चॉकलेटला शून्य, कोमट पाणी होतं. जाणार असाल तर माश्यांसाठी जाळीची टोपी आणि स्वतःची लाल टॉर्च न्या (लाल उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही), यांच्याकडे एकच होती, ती उतरताना अर्ध्यात गेली आणि मग सगळ्यांनी मोबाईलचे पांढरे लाइट लावले.