इंदुरात गाडीची पुढची काच बदलणे: काच बरी, चिकटवणी कच्ची

पाचापैकी तीन गुण. कापलेले दोन्ही चिकटवणीचे.

बायपासवर गिट्टीच्या डंपरमागे राहिलात की काचेला टिचका ठरलेला. मग वाटा तीन: गाडीच्या कंपनीचं वर्कशॉप, काच कंपनीचं केंद्र किंवा बाजारातला काचवाला. भावात बराच फरक, पण तो काचेत फारसा नसतो. असाही इंडिया किंवा सेंट-गोबेन सेक्युरिटची काच बाजारातही मिळते. कोपऱ्यातला ठसा, आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ (गाडीच्या सुरक्षा काचेचं भारतीय मानक) हा आकडा तेवढा बघा. बसवण्याआधी काचेतून विजेच्या खांबाकडे पाहत डोकं डावीउजवीकडे हलवा. खांब लहरला तर काच परत.

बाजारात भाव सांगतात तो फिटिंगसकट. काचेची किंमत सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे घासाघीस केली की कात्री लागते ती पीयू (काच चिकटवणारं पॉलियुरेथेन), प्रायमर (ते धरावं म्हणून आधी लावायचा थर) आणि वेळेला. ‘भिया, घंटे भर में ले जाओ’ म्हणणारा खोटा नसतो, घाईत असतो. दिवसाला चार गाड्या निघाल्या तरच त्याचं भागतं.

नीट काम असं: जुनं पीयू पत्र्यापर्यंत खरवडायचं नाही, एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवायचा. पात्याने रंग निघाला तर तिथे प्रायमर, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज आणि गळती. काचेच्या काळ्या पट्ट्यावर प्रायमर लावून वाळू द्यायचा. मग नळीला त्रिकोणी खाच पाडून सलग, उभी धार. मध्ये तुटली तर ऐंशीच्या वेगाला शिट्टी ऐकू येते. ३१० मिलीची एक नळी छोट्या गाडीला जेमतेम पुरते, मोठीला दुसरी उघडावी लागते. ती उघडली का, हे बघत उभं राहा. सिलिकॉन दिसलं तर काम थांबवा: ताकद नाही, आणि नंतर त्यावर पीयूही धरत नाही.

पीयू हवेतली ओल घेऊन पक्कं होतं. इंदूरच्या कोरड्या मे महिन्यात वर साय धरते, आत मऊच. शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना काचेचाच आधार घेते, म्हणून गाडी कधी चालवायची ते नळीवर छापलेल्या वेळेवरून ठरवा, दुकानदाराच्या घड्याळावरून नाही. पहिला दिवस एक खिडकी बोटभर उघडी, दार आपटणं बंद, धुणंही बंद.

आता विमा. काचेवर घसारा (जुनेपणाची घट) कापत नाहीत, म्हणून वर्कशॉपवाले लगेच क्लेम सुचवतात. हिशेब करा. समजा काच ६,५०० ची; १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला आपल्या खिशातून सक्तीने भरायचे १,००० वजा, हाती ५,५००. ओन-डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) हप्ता १०,००० आणि पुढल्या वर्षी त्यात ४५ टक्के नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, मिळणार असेल, तर तो शून्यावर येतो: ४,५०० गेले. त्यापुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, आणखी ३,०००. बोनस वाचवणारं ॲड-ऑन (जादा कव्हर) नसेल तर हा क्लेम तोट्याचाच.

टिचका नाण्याएवढा, कडेपासून लांब आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल तर रेझिन भरून भागतं. तोवर त्यावर पारदर्शक टेप लावा, आणि तापलेल्या काचेवर एसीचा झोत सोडू नका. तडा तिथूनच धावतो.

आरशामागे कॅमेरा असलेल्या गाड्या मात्र सरळ वर्कशॉपला न्या. काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन (नेम पुन्हा जुळवणं) लागतं, आणि ते बिलावर लिहून घ्या.