मराकेशचं ‘कॅक्टस सिल्क’ आणि बदललेला गालिचा

मोरोक्कोला जाऊन घरासाठी काही आणायचा बेत असेल, तर हे आधी वाचा.

पुण्याच्या घरातली पाहुण्यांची खोली आम्हाला मोरोक्कोच्या मूळ रहिवासी अमाझिग (बर्बर) लोकांच्या कारागिरीने सजवायची होती. पलंगाशेजारी बेनी ऊराइन टोळ्यांचा लोकरी गालिचा, उशांना रंगीत अभ्रे, भिंतीवर हंदिरा, म्हणजे लग्नात नवरी अंगावर घेते ती टिकल्यांची शाल. मराकेशच्या जामा एल-फना चौकाजवळ एक गोड बोलणारा माणूस भेटला. डोंगरातल्या बायकांचा बाजार फक्त आजच आहे, म्हणाला. हा ‘फक्त आजचा’ बाजार तिथे रोजच असतो, आणि अशा माणसाचं कमिशन आपल्याच बिलात चढतं.

दुकानात पुदिन्याचा चहा आला आणि अभ्र्यांचं कापड उलगडलं. हे सबरा, कॅक्टसचं रेशीम. दुकानदाराने एक धागा ओढून पेटवला. तो वितळला नाही, कागदासारखा जळला, मऊ राख उरली. ‘पाहा, प्लास्टिक नाही, झाडाचं आहे.’

या परीक्षेने भलेभले फसतात, कारण ती खोटी नसते. व्हिस्कोस, म्हणजे कृत्रिम रेशीम, कारखान्यात लाकडाच्या लगद्यापासून बनतं, त्यामुळे तेही असंच जळतं. तिथे सबरा म्हणून विकलं जाणारं बहुतेक कापड व्हिस्कोसच असतं. धागा ज्या ‘कॅक्टस’चा म्हणून सांगतात ते अगावे, आपल्या बांधावरच्या घायपाताचं भावंड. घायपाताचा वाख ज्याने हाताळलाय त्याला विचारा: राठ, चरचरीत, दोर वळायच्या लायकीचा. त्यातून असं सुळसुळीत, झळझळीत कापड निघणार कसं? घरी पहिल्याच धुण्यात अभ्रे आकसले आणि चकाकी गेली. ओलं झालं की व्हिस्कोसची ताकद कमी होते.

गालिच्याचं प्रकरण मात्र सरळ चोरीचं. दुकानात पाहिलेला गालिचा अस्सल होता: न रंगवलेली सायीच्या रंगाची लोकर, तपकिरी रेघांचे शंकरपाळे, एकही रेघ दुसरीसारखी नाही. ‘आम्ही घरपोच पाठवतो’ म्हणाले. कस्टम्सचे पैसे भरून पार्सल सोडवलं, तर आत दुसराच गालिचा. रेघा पट्टीने आखल्यासारख्या, पाठीवर गाठींऐवजी डिंकाने चिकटवलेलं कापड, आणि दशा वेगळ्या शिवलेल्या. हाताने विणलेल्या गालिच्याच्या दशा म्हणजे त्याच्या ताण्याचीच, उभ्या धाग्यांचीच टोकं. त्या शिवाव्या लागत नाहीत. एक धागा जाळला, तर केस जळल्याचा वास येण्याऐवजी काळा कडक मणी झाला. लोकर नव्हतीच.

माझ्याकडे दुकानातला फोटो होता. तो पाठवल्यावर उत्तर आलं, ‘हाच तो.’ बिलावर फ्रेंचमध्ये नुसतं ‘बर्बर गालिचा, एक नग’. लांबी-रुंदी नाही, लोकरीचा उल्लेख नाही. पैसे परत मिळावेत म्हणून बँकेत केलेली तक्रारही याच बिलामुळे अडली.

पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण जास्त संताप याचा येतो, की अ‍ॅटलसच्या डोंगरात कुणी बाई आठवडेच्या आठवडे मागासमोर बसून गाठ न् गाठ मारते, आणि तिच्या नावावर ही माणसं कारखान्यातला माल खपवतात. असा स्वस्त माल शेजारी मांडला की तिच्या खऱ्या गालिच्याला भाव तरी कसा येणार?

गालिचा घ्याल तेव्हा पाठीवर, कोपऱ्यात, न पुसणाऱ्या शाईने सही करा आणि सहीसकट फोटो काढा. जमल्यास गुंडाळी करून विमानात स्वतःच आणा. लोकरीचा गालिचा घट्ट बांधला की बराच लहान होतो. बिलावर सेंटिमीटरमध्ये माप, ‘शंभर टक्के लोकर’ आणि ‘हातविणीचा’ हे लिहून घ्या. दुकानदार लिहायला कां-कूं करू लागला तर उठा, चहा प्यायलात म्हणून खरेदीचं बंधन नाही. भावाचा अंदाज हवा असेल तर आधी मराकेशमधल्या मोहम्मद पाचवा रस्त्यावरच्या ‘आंसांब्ल आर्तिझानाल’ या सरकारी हस्तकला केंद्रात चक्कर मारा. तिथे किमती लावलेल्या असतात आणि कारागीर काम करताना दिसतात. वारझाझात शहराकडे जाणार असाल तर ताझेनाख्त या विणकरांच्या गावी थांबा. तिथे विणणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्था आहेत, त्यांच्याकडून थेट घेता येतं.