एक खरीप हंगाम, चार बातमीस्रोत: मराठवाड्यातला वापरानंतरचा अनुभव

जून ते नोव्हेंबर रोज वापरलेली साधनं चार: जिल्हा आवृत्तीचा पेपर, आकाशवाणीचं प्रादेशिक बातमीपत्र, मराठी वृत्तवाहिन्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ई-पेपरची पानं. कसोटी एकच, पाणी, पाऊस आणि भाव यांचा आकडा शेतकऱ्याला वापरता येतो का.

सगळ्यात मोठा घोळ जायकवाडीचा. त्याच्या जलाशयाची, म्हणजे नाथसागराची, एकूण क्षमता १०२.७३ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला मृतसाठा, म्हणजे तळाचं सहसा न वापरता येणारं पाणी, सुमारे २६, उपयुक्त सुमारे ७६.६५. टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्यावर. म्हणजे 'धरण ५० टक्के' असताना पाणी एकूण ६४ टीएमसी असतं, वापरायला मात्र ३८. वाहिनीच्या पट्टीवर कधी टक्के, कधी टीएमसी. साठा कुठला, ते बहुधा लिहिलेलंच नसतं. पेपरच्या आतल्या पानावरची धरणसाठ्याची चौकट इथे सरळ उजवी ठरते. आकडा दलघमीत (दशलक्ष घनमीटर) असेल तर २८.३ने भागावं, टीएमसी मिळतात. आणि ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग सलग २४ तास चालला की एक टीएमसी होतो. नाशिक-नगरकडून सुटलेलं पाणी नाथसागरात साधारण किती भर घालेल, याचा अंदाज यावरूनच येतो.

पावसाच्या बातमीत रेडिओ भरवशाचा. हवामान विभागाच्या लेखी आठही जिल्ह्यांचा मराठवाडा हा एकच उपविभाग आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्यातल्या जास्तीत जास्त पाव पर्जन्यमापक केंद्रांवर. बातमीपत्रात हा शब्द जागेवर असतो, वाहिनीच्या मथळ्यात गळतो आणि उरतं 'मराठवाड्यात मुसळधार'. फवारणी ठरवणाऱ्याचं यात खरंच नुकसान होतं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, त्यामुळे तिथे शोधू नये.

अतिवृष्टी मात्र महसूल मंडळावर, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटावर, मोजतात, २४ तासांत ६५ मिलिमीटर. मंडळांची यादी जिल्हा पानावरच सापडते. अडचण डाक आवृत्तीची. लांबच्या तालुक्यांसाठी ती लवकर छापून निघते, म्हणून रात्री झालेला पाऊस गावात दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी वाचायला मिळतो. ई-पेपरवर शहर आवृत्ती निवडली की ही कसर बरीच भरून निघते.

लातूरच्या सोयाबीनचा भाव वाचताना कमाल दर सोडून द्यावा. तो मोजक्या क्विंटलांना लागलेला असतो. आवक आणि सर्वसाधारण दर पाहावेत. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, पण ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, हे मथळ्यात येत नाही. असे केंद्राचे निर्णय वाहिन्यांवर हिंदीतून घाईने उचललेले असतात. पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मराठी निवेदनंही मिळतात, ती वाचावीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं कात्रण आलं तर धरू नये. पानाच्या माथ्यावरची तारीख आणि आवृत्तीचं नाव दिसलं पाहिजे, मग तेच पान मूळ ई-पेपरमध्ये उघडून पाहावं. जुन्या पीकविम्याची कात्रणं दरवर्षी नव्याने फिरतात.

पेपरातला आकडा चुकला तर आधी संपादकाला लेखी कळवावं. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वृत्तपत्रांबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, तक्रार जाते. दैनिक आणि साप्ताहिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची. कौन्सिल ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही.