वजन उतरवायचं कसं: आठ आठवड्यांत की शेवटच्या दोन दिवसांत?

कुस्तीच्या स्पर्धेला दोन महिने आहेत आणि वजन गटाच्या मर्यादेपेक्षा चार किलो जास्त. मग एक तर आजपासून आहार बांधून हळूहळू उतरायचं, नाही तर शेवटच्या दोन दिवसांत पाणी बंद करून, घाम काढून काट्यावर उभं राहायचं.

दुसऱ्या वाटेचा मोह मला कळतो. सरावाच्या आठवड्यांत पोटभर खाता येतं. पण दोन दिवसांत उतरतं ते बहुतेक पाणी आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे ऊर्जेसाठी साठवलेली साखर. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं, म्हणून काटा झरझर खाली येतो. मात्र तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत दम पुरवतं ते हेच ग्लायकोजेन. पूर्वी वजन आदल्या दिवशी व्हायचं, रात्रभरात थोडी भरपाई साधायची. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजन लढतीच्याच दिवशी सकाळी होतं, आणि गट दोन दिवस चालत असल्याने दुसऱ्या सकाळीही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या वर १०० ग्रॅम भरली आणि अपात्र ठरली. एकदा उतरवलेलं वजन खाल्ल्याप्यायल्यावर परत येतंच.

धोका पदकापुरताही नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथे आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घट न करण्याची मर्यादा आली.

हळूहळू उतरताना चरबी जाते, ताकद टिकते. नॉर्वेतल्या २०११ च्या एका अभ्यासात आठवड्याला ०.७ टक्के वजन घटवणाऱ्या खेळाडूंचे स्नायू वाढले. दुप्पट वेगाने घटवणाऱ्यांचे वाढले नाहीत. त्यासाठी व्यायाम सुरू ठेवून प्रथिनं शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.६ ते २.४ ग्रॅम घ्या, आणि कर्बोदकं सरावाच्या आगेमागे ठेवा. चुकीचा सल्ला बहुधा इथेच आडवा येतो: भात-पोळी सगळी बंद करायला सांगतात आणि सरावात पाय उचलत नाहीत. शेवटचा थोडा भार एक-दोन दिवस चोथा कमी असलेलं खाऊन आतड्यांतून हलका होतो, पाणी न तोडता.

मी पहिलीच वाट सुचवेन. पण आधी चरबी मोजून घ्या. त्या गटात उतरण्यासाठी ती पुरुषांत ५ किंवा स्त्रियांत १२ टक्क्यांखाली न्यावी लागणार असेल, तर तो गट तुमचा नाही. वरच्या गटात लढा आणि हे दोन महिने ताकद वाढवण्यात घाला.